मामा तलावाखालच्या बागेतला उजेड

मला काम मिळाले होते ते उजेड वाढवण्याचे. भंडारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, माजी मालगुजारी (मामा) तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, साधारण ५ एकरांची एक जुनी बाग आहे. नगरपंचायतीच्या पत्रात ‘बागेचे सुशोभीकरण व रात्रीची प्रकाशव्यवस्था’ असे शब्द होते आणि सोबतच्या अंदाजपत्रकात आणखी दोन उंच खांब, त्यांवर चोवीस दिवे आणि दरवाजासाठी रंग बदलणाऱ्या पट्ट्या धरलेल्या होत्या. मी मूळचा याच भागातला. शिक्षणानंतर नागपुरात राहून इमारतींच्या प्रकाशयोजनेचे काम करत आलो. बाग लहानपणी पाहिलेली होती, म्हणून मी पहिली भेट सकाळी उरकली, नकाशा घेतला आणि परत गेलो. रात्रीच्या उजेडाचे काम घ्यायचे आणि जागा दिवसा पाहून यायचे, हा माझा पहिला गाढवपणा.

बागेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचे बरेच निर्णय तिच्या रचनेतूनच आले. नागपूरकर भोसल्यांच्या काळात गावच्या पाटील घराण्याने ती लावली असे गावात सांगतात. इंग्रजी अमदानीत तेच घराणे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करून सरकारला भरणारे जमीनमालक, झाले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाला आणि बाग गावाकडे आली. विटा-चुन्याचा दुमजली दरवाजा, त्यातून सरळ जाणारी वाट, वाटेच्या मध्यावर कोरडे पडलेले कारंजे, डाव्या हाताला बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, उजव्या हाताला महादेवाचे छोटे देऊळ आणि त्यापुढे दगडी दीपमाळ. तलावाचे पाणी बागेपेक्षा उंचावर असल्यामुळे कारंज्याला कसल्याही यंत्राची गरज नव्हती; पाळीतून काढलेल्या मातीच्या नळांनी पाणी आपल्याच दाबाने वर उसळत असे. त्याच उंचीमुळे बागेची जमीन बारा महिने ओलसर असते. ही गोष्ट मी तेव्हा वहीत टिपून ठेवली आणि पुढे सोयीस्करपणे विसरलो, त्याची किंमत पहिल्याच पावसाळ्यात मोजावी लागली.

दुसऱ्या भेटीत मी तीन रात्री मुक्काम केला. बागेत १२ मीटर उंचीचे दोन खांब आधीपासून होते. प्रत्येकावर २०० वॅटचे सहा दिवे आणि त्यांचा रंग ६५०० केल्विनचा, म्हणजे निळसर पांढरा; हा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळट. दर ५ मीटरवर दोरीने खुणा करून मी लक्समापक, म्हणजे पडणारा उजेड लक्समध्ये मोजणारे यंत्र, जमिनीवर ठेवत गेलो. खांबाखाली आकडा ८० च्या वर होता, म्हणजे साध्या रस्त्याला लागतो त्याच्या कितीतरी पट. वडाच्या पलीकडे, बावडीकडे उतरणाऱ्या वाटेवर तो अर्ध्या लक्सपर्यंत खाली आला. पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर पाव लक्सच्या आतबाहेर उजेड असतो, म्हणजे ती वाट तशी चांदण्याहून उजळच होती. तरीही तेथे मला स्वतःचे पाय दिसेनात, कारण खांबाच्या झगझगाटाला सरावलेले डोळे अंधाराला पुरते जुळवून घ्यायला वीस ते तीस मिनिटे घेतात आणि खांबापासून बावडीपर्यंत चालायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

तिसऱ्या रात्री महादेवाच्या देवळातून परतणाऱ्या काही बायका थांबल्या आणि मी मशीन घेऊन काय करतो आहे, हे त्यांनी विचारले. मी सांगितल्यावर त्यांतल्या सर्वांत वयस्क बाई म्हणाल्या, “लाईट तं हाये भाऊ, पन पायाखालचं काईच दिसत नाई. अन् समोरून कोन येते, तेबी नाई समजत.” खांब समोर असला की येणारा माणूस नुसती काळी आकृती होतो; चेहरा उजेडाच्या उलट्या बाजूला राहतो. साठीच्या माणसाच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो आणि झगझगाटाचा त्रास मात्र त्यालाच अधिक होतो, हे मी अनेक सादरीकरणांत सांगितले होते. त्या बाईंनी ते दोन वाक्यांत सांगितले आणि त्यातली चेहऱ्याची गोष्ट माझ्या सादरीकरणात कधी आलीच नव्हती. गावाला उजेड हवा होता तो सापासाठी आणि माणसासाठी, म्हणजे जमीन आणि चेहरा दिसावा म्हणून. पत्रातल्या सुशोभीकरणाचा त्यांच्याशी फारसा संबंध नव्हता.

बागेच्या दक्षिण भिंतीला लागून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, आहेत. तेथील शेतकरी, ज्यांना सगळे मामाजी म्हणतात, सकाळी मला मुद्दाम बोलावून घेऊन गेले. त्यांचे म्हणणे असे, की खांब लागल्यापासून भिंतीलगतच्या दोन बांध्यांतले भारी, म्हणजे उशिरा येणारे, धान इतरांच्या मागे राहते. बाकीचे निसवून लोंबा वाकू लागल्या तरी इथले हिरवेच उभे असते, आणि त्यामुळे कापणी दोनदा करावी लागते. गावातल्या काहींना ही तक्रार नुकसानभरपाईसाठी केलेली वाटत होती. ती तशी नव्हती. धानाच्या जुन्या, उशिरा येणाऱ्या अनेक जाती रात्र लांबत गेल्याचे ओळखूनच फुलोऱ्यावर येतात. रात्रभर भिंतीवरून उजेड सांडत राहिला तर त्या झाडाच्या लेखी रात्र लांबतच नाही. सोयाबीनच्या पट्ट्यातही रस्त्यावरच्या दिव्याखालची झाडे अशीच शेवटपर्यंत हिरवी राहिलेली दिसतात. मी मामाजींच्या बांधीत रात्री लक्समापक लावला तेव्हा भिंतीजवळ ६ आणि वीस पावलांवर ३ असा आकडा आला. बागेतल्या बावडीच्या वाटेवर अर्धा लक्स आणि बाहेरच्या धानात सहा! अंदाजपत्रकातले दोन नवे खांब त्या रात्रीच माझ्या मनातून उतरले.

परवानगीचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे थोडे आणि थांबण्यासारखे फार आहे. दरवाजा आणि बावडी राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली संरक्षित असल्याने पुरातत्त्व खात्याची लेखी संमती लागली आणि ती यायला एक अख्खे वर्ष गेले. मात्र तिच्यासोबत आलेल्या अटींबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जुन्या बांधकामात एकही छिद्र पाडायचे नाही, पायापासून ठरावीक अंतराच्या आत खोदायचे नाही आणि जे काही लावाल ते उद्या काढले तर मागे खूण उरता कामा नये, अशा त्या अटी होत्या. विटांमधल्या चुन्याच्या सांध्यात लोखंडी खिळा ठोकला की तो गंजून फुगतो आणि वीट फोडतो. दरवाजावर पूर्वी कोणीतरी लग्नाच्या रोषणाईसाठी ठोकलेल्या खिळ्यांनी हे करून दाखवलेलेच होते.

मंजुरी येईपर्यंतच्या फेब्रुवारीत आम्ही चाचणीची रात्र ठरवली. माझ्या मते या सगळ्या कामातली खरी रचना त्या एका रात्रीत झाली. संगणकावर मी आधी जे केले होते ते फार तर पूर्वतयारी म्हणता येईल. अमावास्येच्या आदल्या दिवशी, नगरपंचायतीकडून दोन्ही खांब बंद करून घेऊन, नागपुरातल्या विक्रेत्यांकडून उसने आणलेले चाळीसेक दिवे बांबूच्या तिकाट्यांवर बांधून आम्ही बागेत मांडले. नगराध्यक्ष, सदस्य, देवळातल्या त्या बायका, मामाजी, पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली आणि नुसतेच बघे मिळून शंभरावर माणसे जमली. पहिला अर्धा तास मी काहीच लावले नाही. लोक कुरकुरले, मुले ओरडली आणि मग हळूहळू ज्याला त्याला वाट, वडाचा बुंधा, देवळाचे शिखर दिसू लागले. त्यानंतर वाटेच्या कडेला गुडघाभर उंचीवर ठेवलेले ७ वॅटचे दिवे लावले. वाटेवर सरासरी ५ लक्स झाले आणि एक सदस्य मोठ्याने म्हणाले, “अरे, येवढ्यातच भागते काय?” अर्धा तास अंधारात उभे केले नसते तर हेच सदस्य उजेड कमी आहे म्हणाले असते, याची मला खात्री आहे. थोडीशी लबाडी होती ती; पण बागेत येणारा माणूसही दिवसभराच्या कामानंतर अंधारलेल्या रस्त्यानेच येतो, म्हणून मी ती माझ्यापुरती क्षम्य धरली.

दरवाजाने मात्र मला खोटे ठरवले. जुन्या वास्तूला उबदार उजेड, हा आमच्या धंद्यातला ठरलेला पाढा. त्याप्रमाणे मी २२०० केल्विनचे दिवे आणले होते. ते लावताच दरवाजा गुळाच्या ढेपेसारखा दिसू लागला. वीट, चुना, जोत्याचा दगड, सगळे एकाच पिवळट रंगात मिसळून गेले. मग २७०० केल्विनचे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे शेजारी शेजारी लावून पाहिले. कागदावर दोन्ही सारखेच होते, पण एकाखाली वीट मातकट तपकिरी दिसत होती आणि दुसऱ्याखाली भट्टीतून आजच काढल्यासारखी लाल. फरक होता तो लाल रंग नीट दाखवण्याच्या क्षमतेचा. दिव्याच्या पत्रकात ती आर-९ या नावाने वेगळी दिलेली असते आणि रंगाचा सरासरी निर्देशांक चांगला असूनही ही एक संख्या शून्याजवळ असू शकते. विटांचे काम असेल तर मी आता सर्वांत आधी हाच आकडा विचारतो. झाडांना तर पिवळा उजेड अजिबात मानवला नाही, चिंचेवर २२०० केल्विन टाकल्यावर देवळातल्या बाई म्हणाल्या, “झाड वारल्यावानी दिसते.” अखेर चिंच आणि वड यांच्यावर उजेड टाकायचाच नाही असे ठरले. त्याला आणखी एक कारण होते, ते म्हणजे वडावरची वटवाघळे. दिवेलागणीनंतर ती तलावावरून पाणी टिपत पलीकडे जातात. त्यांच्या वाटेत दिवा आला असता तर ती गेली असती किंवा दिवा फुटेपर्यंत मुलांनी त्यांच्यावर दगड तरी मारले असते. आंब्याच्या पाच झाडांना मात्र बुंध्यापुरता ३००० केल्विनचा उजेड दिला.

चौकीदाराची खोली वाटेच्या वळणावर आहे आणि तेथे बांधलेला दिवा त्याच्या दारात येत होता. मी दुसऱ्या तिकाट्यावर काम करत असताना त्याने तेलाच्या पिंपाचा पत्रा उभा कापून दिव्याला तीन बाजूंनी वेढून टाकला. मी परत आलो तेव्हा खोलीत अंधार होता, वाटेवर उजेड होता आणि समोरून येताना दिव्याचा ठिपका डोळ्यांत जात नव्हता. माझ्याकडच्या महागड्या दिव्यांना जी झाकणे होती ती याच्याहून तोकडी होती. त्या पत्र्याची मापे घेऊन मी नकाशात काढली आणि पुढे सगळ्या सेहेचाळीस दिव्यांना तशीच झाकणे गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली.

रंग बदलणाऱ्या पट्ट्यांचा आग्रह सुटायला अधिक वेळ लागला. नगराध्यक्षांचे म्हणणे असे, की गावाने पैसा खर्च केला तर तो दिसला पाहिजे. हे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही, कारण त्याच्या मागे मंडई नावाची आमची जत्रा होती. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई भरते. बागेच्या बाहेरच्या पटांगणात दंडार हे लोकनाट्य होते, रात्रभर नाटक चालते आणि शेजारच्या वीस गावांतले पाहुणे येतात. त्या रात्री ५ लक्सने भागणार नाही, हे मलाही मान्य होते. म्हणून एक खांब काढला आणि दुसरा ठेवून त्याचे सगळे दिवे पटांगणाकडे वळवले. त्याची कळ वेगळ्या कुलुपात आहे आणि ती मंडई व तसल्याच मोजक्या दिवशी दाबली जाते. दरवाजाशेजारी, भिंतीपासून दूर, सजावटीसाठी दोन जलरोधक जोडण्या दिल्या. स्वातंत्र्यदिनाला तिरंगी रोषणाई हवी असेल तर ती तेथून उभी करावी आणि १६ तारखेला उतरवावी. नगराध्यक्षांना हे पटले असे मी म्हणणार नाही, पण त्यांनी सही केली.

बावडीत पाणी असल्यामुळे तेथे २३० व्होल्ट न्यायचे नाहीत, हे माझे ठरलेले होते. २४ व्होल्टचे ४ वॅटचे आठ दिवे पायऱ्यांच्या कडेला ठेवले. कमी दाबाच्या वीजपुरवठ्यात तेवढ्याच वॅटसाठी प्रवाह सुमारे दसपट लागतो आणि लांब तारेत दाब गळतो; पहिल्या जोडणीत ट्रान्सफॉर्मर दरवाजापाशी ठेवल्यामुळे तळाचा दिवा वरच्यापेक्षा उघड उघड मंद दिसत होता. ट्रान्सफॉर्मर बावडीच्या तोंडाशी आणून तार जाड केल्यावर ते सुधारले. बाकी सगळ्या जोडण्यांवर ३० मिलीअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारे गळतीरक्षक बसवले. गावातला दाब मात्र कोणाच्या हातात नसतो. रात्री शेतीपंपांना वीज सोडली की तो १७० पर्यंत उतरतो आणि पंप बंद झाले की २६० वर चढतो, म्हणून १०० ते ३०० व्होल्ट सोसणारे चालक (दिव्याला वीज पुरवणारे ड्रायव्हर) निवडले आणि जूनमधल्या विजांसाठी वेगळे संरक्षक बसवले.

आता माझी चूक. दरवाजाच्या दर्शनी भागासाठी मी जमिनीत पुरायचे अकरा दिवे घेतले होते, कारण ते दिवसा दिसत नाहीत आणि छायाचित्रात छान दिसतात. पाळीखालची जमीन पाझराची आहे, हे वहीत लिहिलेले होते. खड्ड्यात गिट्टीचा थर दिला, पण पाणी बाहेर जायला वाट दिली नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चौकीदाराचा फोन आला, “साहेब, दिव्यात बेंडूक हाये.” बेडूक दिव्याच्या काचेवर होता, आत नव्हता, पण आत पाणी नक्की होते. दिव्यांवर जलरोधकतेचा आयपी-६७ हा शिक्का होता आणि तो खोटाही नव्हता. संध्याकाळभर तापलेला दिवा बंद होऊन पाण्यात निवतो, आतली हवा आकसते आणि तार आत जाते त्या फटीतून पाणी ओढून घेते. रोज थोडे थोडे, महिनाभर. अकरांपैकी सात दिवे गेले. ते सगळे काढून त्यांच्या जागी दगडी ठोकळ्यांवर ठेवलेले सहा दिवे बसवले. ते दिवसा दिसतात, आणि दिसले तरी चालतील असे मी आता म्हणतो, कारण बिघडले तर गावातला वायरमन ते गुडघे टेकून वीस मिनिटांत बदलू शकतो.

ऑक्टोबरमध्ये धानावरचे हिरवे तुडतुडे आले. धानपट्ट्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको. त्या दिवसांत घरातला दिवा लावून जेवणे मुश्कील होते. पूर्वी खांबाखाली सकाळी झाडूने त्यांचे ढीग लोटावे लागत. निळसर उजेडाकडे किडे अधिक ओढले जातात, त्यामुळे नव्या दिव्यांवर ते कमी आले, पण आलेच नाहीत असे नाही. वाटेवरचे दिवे २२०० केल्विनचे ठेवल्याचा फायदा तेथे दिसला आणि २७०० च्या दरवाजापाशी दुप्पट तरी गोळा झाले. त्यानंतर दरवाजा, देऊळ आणि आंबे यांचे दिवे रात्री दहाला बंद करण्याचे ठरले. सूर्यास्ताच्या वेळेप्रमाणे स्वतःच चालू होणारे घड्याळ बसवले आहे, कारण आमच्याकडे डिसेंबरात साडेपाचला दिवस मावळतो आणि जूनमध्ये सातपर्यंत उजेड असतो. हाताने कळ दाबण्यावर सोडले तर वर्षभर एकच वेळ चालते. दहानंतर वाटेचे दिवे तीस टक्क्यांवर येतात. भरतीची मुले साडेचारला धावायला येतात, म्हणून चार वाजता ते पुन्हा पूर्ण होतात; ही सूचना एका मुलीची, आणि माझ्या मूळ वेळापत्रकात ती नव्हती.

विजेचा हिशेब नगरपंचायतीने सभेत वाचून दाखवला. पूर्वी दोन खांबांचे २,४०० वॅट बारा तास जळत होते, म्हणजे रात्रीला २९ युनिटांच्या जवळ. आता रोजचे सगळे दिवे मिळून ५०० वॅट होतात आणि वरच्या वेळापत्रकाप्रमाणे साडेतीन युनिटांच्या आत रात्र निघते. सभेत टाळ्या याच आकड्याला पडल्या.

दीपमाळेला मी काहीच लावले नाही. कार्तिकी पौर्णिमेला देवळातल्या बायका तिच्या कोनाड्यांत पणत्या ठेवतात. त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन करून वाटेचे दिवे सोडून बाकीचे बंद करायला लावले. पाच पावलांवर लक्समापक धरला तेव्हा अडीच भरले आणि समोरच्या प्रत्येक बाईचा चेहरा मला ओळखू आला.

मामाजींच्या भिंतीलगतच्या दोन बांध्या यंदा बाकीच्यांबरोबरच निसवल्या आणि कापणी एकदाच झाली. मात्र गेल्या महिन्यात बागेबाहेरच्या रस्त्यावर दुसऱ्याच एका यंत्रणेने नवा खांब उभा केला असून त्याच्या चार दिव्यांपैकी एकाचे तोंड बागेकडे आहे. त्याचा उजेड भिंतीवरून तिसऱ्या बांधीत पडतो. मी मोजमाप जोडून पत्र दिले आहे. उत्तर येईपर्यंत चौकीदाराने विचारले आहे, की खांबावर चढता आले तर तेलाच्या पिंपाचा पत्रा त्याच्याकडे अजून शिल्लक आहे.